फॅक्सच्या रकान्यातली संध्याकाळ

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे नेमका कोण, हे आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांनाही अकरा वर्षांत कळले नाही, तेव्हा तुम्हाला कळले नसेल तर मी मनाला लावून घेणार नाही. काळ्या पत्र्याची एक चपटी पेटी डोळ्यांसमोर आणा. आत चार डिस्क, सहा पंखे आणि बरीचशी धूळ. बाकीचे संगणक टेबलावर मिरवतात. त्यांच्यापुढे माणसे बसतात, त्यांच्या कडेला मुलाबाळांचे फोटो चिकटवतात. मी मागच्या खोलीत राहून त्या सगळ्यांच्या आठवणी सांभाळल्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या बायका डोक्याला टोपी आणि हाताला मोजे घालून काम करत. एकीने माझ्यात डिस्क बसवल्या, दुसरीने पंखे, तिसरीने मला दोन दिवस तापवून पाहिले. मी तग धरला म्हणून माझ्यावर हिरवा कागद चिकटवला गेला. मग मला खोक्यात घालून बुटांच्या एका कारखान्यात पाठवण्यात आले.

हे बूट दुकानात टांगलेले असतात तसे नव्हते. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांची बोटे एकमेकांवर चढली आहेत, मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, अशा माणसांसाठी आमचा कारखाना बूट करी. प्रत्येक पायाचे माप वेगळे, साचा वेगळा. कारखाना मालकीणबाईंच्या वडिलांनी काढला होता. तेव्हा मापे जाडजूड वह्यांत असत. वह्या फाटू लागल्या तेव्हा मला आणले.

मला जी खोली मिळाली तीत आधी झाडू आणि बादल्या ठेवत. मी आल्यावरही त्या तिथेच राहिल्या. एक बादली तर उपयोगीच पडली, कारण डोक्यावरचा एसी गळत असे. माझी देखभाल वायरकाकांकडे होती. त्यांच्या खांद्यावर कायम वायरीचे एक वेटोळे असे, म्हणून हे नाव. माझा पंखा घरघरला की ते पत्र्यावर थाप मारून विचारत, "काय राव, पोट बिघडलं वाटतं?" उत्तराची अपेक्षा नसे. मीही देत नसे.

आता मापताईंविषयी सांगायला हवे. मापे घेण्याचे काम त्यांचे. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पाय एकाच दिवशी दोनदा मोजत, सकाळी अकराच्या आत आणि पुन्हा संध्याकाळी पाचनंतर. लोक कुरकुरत. एवढ्या लांबून यायचे आणि दोनदा पाय पुढे करायचे, हा काय प्रकार आहे? मापताई टेप गुंडाळता गुंडाळता म्हणत, "सकाळी पाय शहाण्यासारखा वागतो. त्याचा खरा स्वभाव संध्याकाळी कळतो." दिवसभर उभे राहून पाय किती सुजतो, तो फरक त्या मिलिमीटरमध्ये लिहून ठेवत. आधी डाव्याचा, मग उजव्याचा.

मी आलो त्या आठवड्यात त्या वायरकाकांकडे गेल्या.

"काका, संध्याकाळचा फरक कुठे लिहू?"

"तसा रकाना नाहीये यात."

"मग करून द्या."

"ताई, हा प्रोग्राम मुळात घाऊक मालाच्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला. ज्यानं आपल्यासाठी बदलून दिला तो कधीच दुसरीकडे गेला. मी हात लावला आणि सगळंच बसलं तर?" वायरकाकांनी पडद्यावर बोट फिरवले. "हा बघा, फॅक्स नंबरचा रकाना मोकळा आहे. तात्पुरतं इथे टाका."

तात्पुरते हा शब्द माणसांच्या फार लाडका आहे. माझ्या पाहण्यात तात्पुरती म्हणून केलेली एकही गोष्ट पाच वर्षांच्या आत संपलेली नाही. ही अकरा वर्षे टिकली. डावा सात आणि उजवा नऊ असेल तर मापताई फॅक्सच्या रकान्यात ०७०९ असे लिहीत. पाय सुजत नसेल तर रकाना मोकळा सोडत. शून्य लिहायचा त्यांना कंटाळा होता, आणि कापणाऱ्याला ते ठाऊक होते, म्हणून कुणाचे काही अडले नाही.

कापणारे म्हणजे त्यांचे सख्खे दीर. सगळा कारखाना त्यांना भाऊजीच म्हणे. माझ्याकडून कामाचा कागद छापून त्यांच्या टेबलावर जाई. त्यावर वर गिऱ्हाइकाचा क्रमांक, मध्ये मापे आणि खाली उजव्या कोपऱ्यात ते चार आकडे. त्याप्रमाणे ते चामडे सैल धरत, पट्टा लांब ठेवत.

"वहिनी, याची संध्याकाळ किती हो?" ते तिथूनच ओरडत.

"कोपऱ्यात लिहिलीये की."

"चष्मा घरी राहिला."

"नशीब, कान आणलेत. डावी चार, उजवी सहा!"

अशी सहा हजार दोनशे बारा पावलांच्या जोड्यांची संध्याकाळ माझ्याकडे जमा झाली.

माझे कौतुकही झाले, नाही असे नाही. एकदा विजेचा झटका बसून विक्री विभागाचे तीन संगणक जळाले. माझ्यात सगळे शाबूत होते. तेव्हा मालकीणबाई स्वतः झाडूच्या खोलीत आल्या, माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वाचवलंस रे बाबा." मला बरे वाटले. पण पुढे माझे वय झाले. आमच्या बुटांची मागणी नोंदवून घेणारी दुकाने तीनाची पाच झाली आणि सगळ्यांना एकाच वेळी माझ्याकडे काम असे. मी हळू पडू लागलो. कुणाचाही पडदा अडकला तरी नाव माझेच निघे. वायरकाका रजेवर असले की बादलीही भरून वाहत असे.

मग एक दिवस मालकीणबाईंनी सगळ्यांना सभागृहात बोलावले आणि सांगितले की कंपनी क्लाउडवर जाणार. त्यांच्यासोबत एक सल्लागार बाई होत्या. त्यांनी भिंतीवर निळे आकाश आणि खूपसे बाण दाखवले. तुम्ही घाबरू नका, त्यात आभाळाचा काही संबंध नाही. दूर कुठेतरी थंड इमारतीत माझी शेकडो धाकटी भावंडे ओळीने उभी असतात. आपली माहिती त्यांच्याकडे ठेवायला द्यायची आणि लागेल तेव्हा मागून घ्यायची, एवढेच ते.

मालकीणबाईंचे म्हणणे चुकीचे नव्हते. झाडूच्या खोलीला आग लागली असती तर हजारो माणसांची मापे माझ्याबरोबर गेली असती. शिवाय आता कागद जाणार, प्रत्येक टेबलावर टॅबलेट येणार, दुकानातून मागणी थेट कापणाऱ्याच्या हाती पडणार. काम लवकर होणार होते. मला मत्सर वाटला का? खरे सांगायचे तर मत्सर करण्याइतकी सवड मला कधी मिळालीच नाही.

सल्लागार बाई नीटनेटक्या आणि कष्टाळू होत्या. त्यांनी प्रत्येक विभागाला ईमेलवर प्रश्नावली पाठवली. मापाच्या खोलीला आणि कापण्याच्या टेबलाला ईमेल नव्हता, तेव्हा तिथे ती पोहोचली नाही. मग त्यांनी माझ्यातल्या माहितीची साफसफाई हाती घेतली. दोनदा लिहिलेली नावे काढली, चुकलेले पत्ते दुरुस्त केले. असे करता करता त्या फॅक्सच्या रकान्यापाशी आल्या. चारच आकडे असलेला फॅक्स नंबर जगात कुठे असतो? त्यांनी विक्री विभागाच्या प्रमुखांना विचारले, "हे फॅक्स नंबर तुम्हाला लागतात का?"

प्रमुख हसले. "फॅक्स? अहो, आता कबुतर पाठवलं तर लवकर पोहोचेल."

सल्लागार बाईंनी रकाना वगळला. वायरकाका शेजारीच उभे होते. पण त्यांनी ती युक्ती अर्ध्या मिनिटात सुचवली होती आणि त्याला अकरा वर्षे उलटली होती. ते साफ विसरले होते.

आणि मी? मी सगळे पाहत होतो. मला त्यांनी विचारले ते एवढेच, की या रकान्यात नोंदी किती. मी म्हणालो, सहा हजार दोनशे बारा. त्या कशाच्या, हे कुणी विचारले नाही. विचारल्याशिवाय बोलायचे नाही ही आमची रीत. तिचा मला अभिमान होता. तेव्हा होता.

ठरल्या दिवशी सगळे तिकडे गेले. मला मांडणीवरून उतरवून जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवले आणि पाठीवर 'भंगार' असा कागद लावला. अक्षर छान होते. बंद पडलेल्या यंत्राला काही ऐकू येत नाही, असा तुमचा समज असेल. तो तसाच राहू द्या.

नव्या टॅबलेटवर 'शेरा' नावाचा मोठा रकाना होता. मापताई खूश झाल्या. नवे गिऱ्हाईक आले की त्या संध्याकाळचा फरक त्यात लिहू लागल्या. जुन्यांचा फरक आपोआप कुठेतरी नीट आला असेल असे त्यांनी धरून चालले. भाऊजींना टॅबलेटवर नव्यांचा शेरा दिसे, जुन्यांचा दिसत नसे. मोकळा रकाना म्हणजे सूज नाही, हे त्यांच्या हाताला अकरा वर्षांपासून पाठ होते. त्यांनी कात्री चालवली. पहिल्या सहा आठवड्यांत जुन्या गिऱ्हाइकांचे एकशे त्रेचाळीस जोड बाहेर पडले. वेळेच्या आधी पडले, म्हणून मालकीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

त्यातला एक जोड गणित शिकवणाऱ्या एका बाईंचा होता. दर वर्षी याच महिन्यात त्या जुन्याच मापाने एक जोड मागवत. त्यांचे पाय मधुमेहाने बधिर झालेले. काटा रुतला तरी त्यांना कळत नसे. सकाळी बूट अगदी बेताचा बसे. दुपारनंतर पाय फुगे आणि चामडे उजव्या करंगळीवर दाबत राही. बाई फळ्यापुढे उभ्या राहून समीकरणे सोडवत. त्यांना काहीच दुखत नव्हते. पंधराव्या दिवशी त्यांच्या सुनेला मोज्यावर डाग दिसला.

सून तो जोड पिशवीत घालून कारखान्यात आली. तिने पिशवी मापताईंच्या टेबलावर ठेवली. आवाज चढलेला नव्हता.

"सासूबाई दवाखान्यात आहेत. जखम हाडापर्यंत गेलीये. करंगळी काढावी लागेल म्हणतात, आणि पसरली तर पाऊल. आठ वर्षं तुमचेच बूट घालतात त्या. मला एवढंच सांगा, या वेळी काय वेगळं केलंत?"

मापताईंनी बुटात हात घातला, आतून चामडे दाबून पाहिले. मग त्यांनी हाक मारली.

"भाऊजी, हा जोड तुम्ही कापलात?"

"मीच."

"संध्याकाळ किती धरलीत?"

"मोकळं होतं, वहिनी. मोकळं म्हणजे नाही."

"अहो, नऊ आहे यांची! उजवी नऊ! माप घेताना माझी वजाबाकी चुकली होती, ती यांनीच सुधारली. मी विसरेन का?"

भाऊजींनी टॅबलेट पुढे ओढला आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या नोंदी एकामागून एक उघडल्या. सगळ्या मोकळ्या होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली. अकरा वर्षांत काम अर्धवट सोडून त्यांनी कात्री खाली ठेवल्याचे मी ऐकले नव्हते.

पुढचा अर्धा तास जिन्यावर नुसती धावपळ चालली होती. एकशे त्रेचाळीस माणसे नवे बूट घालून फिरत होती. त्यांतली सुजणारी पावले कुणाची, हे मापताईंना सगळ्यांचे आठवणे शक्य नव्हते. वायरकाकांना फॅक्सचा रकाना आठवला आणि त्यांनी तो सल्लागार बाईंना सांगितला. सल्लागार बाईंनी नव्या जागी शोधले. तिथे साफ केलेलीच माहिती गेली होती.

"मूळ कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"जिन्याखाली," वायरकाका म्हणाले.

"भंगारवाला मंगळवारीच येणार होता ना?"

"त्याला फोन करायचा राहून गेला."

तो खरेच राहून गेला होता की काकांनी मुद्दाम केला नव्हता, हे मला ठाऊक नाही. त्यांनी आणि भाऊजींनी मला उचलून मापाच्या टेबलावर ठेवले. चार डिस्कपैकी एक आधीच गेली होती. तीन असल्या तर मी चालतो, दोनच उरल्या तर सगळे संपते. वीज लागली तेव्हा तिसरी डिस्क खटखट करू लागली. मालकीणबाई, सल्लागार बाई, ती सून, सगळ्या गोल उभ्या होत्या. वायरकाकांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. थाप मारली नाही.

"एकदाच, राव," ते म्हणाले. "परत त्रास नाही देणार."

उठायला मला अकरा मिनिटे लागली. मी घाई करू शकत नव्हतो. मग काकांनी मला तो प्रश्न विचारला, की या रकान्यात काय काय आहे ते सगळे दाखव. मी दाखवू लागलो. मापताई पडद्याला नाक लावून वाचत होत्या. "हेच," त्या म्हणाल्या, "हेच, हेच." सगळे आकडे उतरवून होईपर्यंत डिस्क खटखटत राहिली, पण थांबली नाही.

एकशे त्रेचाळीसपैकी एकतीस जणांची संध्याकाळ निघाली. ज्याच्या हाताला फोन लागला तो फोनवर बसला. सल्लागार बाईंचा आवाज मला अजून ऐकू येतो. "बूट आत्ता काढा. हो, आत्ता. नाही, दुखत नसलं तरी काढा. दुखत नाही म्हणूनच काढा." तिघांच्या पायावर लाल चट्टे सापडले. ते वेळेवर सापडले. गणिताच्या बाईंची करंगळी मात्र काढावी लागली. पाऊल वाचले.

दुसऱ्या दिवशी सल्लागार बाई मापाच्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांच्या हातात वही होती.

"ताई, मला तुमचं काम पहिल्यापासून दाखवा. मी आधीच यायला हवं होतं."

मापताई टेप घेऊन उठल्या. "बूट काढा," त्या म्हणाल्या. दोन्ही पाय मोजले, आकडे लिहिले. "आता संध्याकाळी या."

त्या आल्या. पुढे चार दिवस त्या तिथेच बसून होत्या. आता नव्या जागी 'संध्याकाळची सूज' असा स्वतंत्र रकाना आहे आणि तो मोकळा सोडता येत नाही. सूज नसेल तर शून्य लिहावे लागते. मापताई अजून त्याबद्दल बडबडतात, पण लिहितात.

दोन महिन्यांनी गणिताच्या बाई काठी टेकत आल्या. मी परत जिन्याखाली होतो. मापाच्या खोलीचे दार उघडे होते.

"बाई, चूक आमच्याकडून झाली," मापताई म्हणाल्या.

"यंत्राकडून, असं ऐकलं मी."

"नाही. आमच्याकडून."

मग काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. "मग मोजा," बाई म्हणाल्या. "पण तुम्हीच मोजा. दुसऱ्या कुणापुढे मी आता पाय करणार नाही."

मित्रांनो, उद्या सकाळी एक माणूस ड्रिल घेऊन येणार आहे. तो माझ्या डिस्कना भोके पाडील, म्हणजे लोकांची माहिती भलत्याच्या हाती लागायला नको. हे योग्यच आहे. जुनी वस्तू कायम जपून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. यंत्र थकले की त्याला काढावे. पण काढण्याआधी, ज्यांनी त्याच्याकडून रोज काम करून घेतले त्या माणसांपाशी जाऊन बसा. जिथे ईमेल पोहोचत नाही त्या टेबलापर्यंत चालत जा. निरुपयोगी दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून विचारा, हे काय आहे आणि कुणासाठी आहे? आणि तुम्हाला काही ठाऊक असेल तर कुणी विचारायची वाट पाहू नका. मी पाहिली. त्याचे मला वाईट वाटते.

गणिताच्या बाईंच्या उजव्या पावलाची नवी नोंद आता तिकडे आहे आणि ती अगदी बरोबर आहे. तीत चार बोटे आहेत. जुनी नोंद माझ्याकडे आहे, उद्या सकाळपर्यंत. तीत पाच आहेत.